कपाशीच्या विरळणीचं यंत्र: पेटंट काय सांगतं आणि काय गाळतं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे एकाच प्रकारच्या यंत्राचे अर्ज पुन्हा पुन्हा येत राहिले. नाव थोडंफार बदलतं, गाभा तोच: घोड्याने ओढायचं, हवं तसं कमी-जास्त करता येणारं, कपाशीच्या ओळी विरळ करणारं आणि त्याच फेरीत डवरणीही उरकणारं यंत्र. तिकडे त्याला 'कॉटन चॉपर अँड कल्टिव्हेटर' म्हणत. अशी डझनावारी पेटंटं निघाली. तरीही दक्षिणेकडच्या कपाशीच्या शेतात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विरळणी मुख्यतः माणसांच्या हातांनीच होत राहिली.

असं का झालं, यावर दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक इंजिनिअरचं: यंत्र अजून पुरेसं चांगलं नव्हतं. दुसरं अर्थशास्त्रज्ञाचं: मजूर इतका स्वस्त होता की यंत्र घेऊन करायचं काय? दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरं पेटंटने मांडलेला प्रश्न जसाच्या तसा उचलतात आणि मग फक्त त्याच्या यशापयशाचा हिशोब करतात. माझी तक्रार तिथे आहे. पेटंट हा पुरावा म्हणून वापरायचा असेल तर आधी तो मजकूर म्हणून वाचायला हवा, एखादं पुस्तक वाचतो तसा: त्यात बोलतंय कोण, कर्ता कोण, आणि कुणाला वाक्यातून हळूच बाहेर काढलंय? आज तेच करू.

आधी शेतातलं काम

यंत्राकडे जाण्याआधी विरळणी म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण अभ्यासकसुद्धा ते अर्ध्या वाक्यात उरकतात.

सरकीवर बारीक लव असते. त्यामुळे सरकी एकमेकीला चिकटते आणि पेरताना एकेक दाणा सुटा पडत नाही. विदर्भात यावर जुना उपाय होता: सरकी शेण-मातीत चोळायची, लव बसवायची, मग पेरायची. अमेरिकेच्या दक्षिणेत दुसरा मार्ग रूढ झाला: बी भरपूर टाकायचं. ओळीत सलग, दाट. याला आणखी एक कारण होतं. पेरणीनंतर पाऊस पडून जमिनीवर पापडी धरली की एकट्या अंकुराला ती फोडता येत नाही. दहा अंकुर एकत्र आले की पापडी उचलली जाते. बी मुबलक होतं, म्हणून हे परवडत होतं.

पण दाट पेरलं की दाट उगवतं. एप्रिलमध्ये पेरणी झाली की मे महिन्यात ओळीत रोपांची हिरवी पट्टी उभी राहते. ती तशीच ठेवली तर रोपं एकमेकांचं खातात, उंच होतात, बोंडं धरत नाहीत. मग माणसं लांब दांड्याचं खुरपं घेऊन ओळीत उतरतात. आपल्याकडे खुरपणी बसून होते, तिकडे उभ्याने. खुरप्याच्या पात्याएवढी जागा साफ करायची, एक-दोन रोपं ठेवायची, पुन्हा पात्याएवढी जागा साफ. साधारण वीतभर किंवा थोडं जास्त अंतर राहतं.

त्याआधी नांगराने ओळीच्या दोन्ही बाजूंची माती बाहेर ओढलेली असते, म्हणजे रोपांची पट्टी अरुंद वरंब्यावर उघडी पडते. त्यानंतर वरंब्याच्या कडा खरवडून गवत काढायचं, मग खुरप्याने विरळणी, मग राखलेल्या रोपांना पुन्हा मातीचा आधार. जुलैपर्यंत हे असं चालायचं.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तिथल्या बोलीत या कामाला 'चॉपिंग कॉटन' म्हणतात आणि त्या एका शब्दात दोन कामं आहेत: जास्तीची रोपं काढणं आणि तण काढणं. खुरप्याचा घाव एकच असतो, पण त्याआधी डोळ्यांनी तीन निर्णय घेतलेले असतात. हे कपाशीचं रोप आहे की गवत? यातलं जोमदार कुठलं? आणि पुढे खाडा असेल, म्हणजे उगवणच झालेली नसेल, तर इथे दोनाऐवजी तीन ठेवू का? हे निर्णय पावलागणिक होतात, चालता चालता.

यंत्र कसं चालतं

नमुन्याचं यंत्र असं: दोन चाकांची चौकट, पुढे घोडा, मागे मूठ धरून चालणारा किंवा वर बसलेला माणूस. चाक फिरलं की दातेरी चक्रांतून ती गती एका दांड्याला मिळते. दांड्याच्या टोकाला आडवी फिरणारी पाती. ती ओळीला काटकोनात छेद देत जातात: एक घाव, मोकळी जागा, एक घाव, मोकळी जागा. बाजूंना डवऱ्यासारखे फाळ असतात, ते दोन्हीकडची माती हलवतात. पाती उचलायला आणि खोली ठरवायला एक तरफ.

(पेटंटात 'घोडा' लिहिलेला असतो, शेतात बहुधा खेचर असायचं. दक्षिणेत कपाशीचं बरंचसं काम खेचरांवरच होतं.)

'कमी-जास्त करता येणारं' म्हणजे काय, ते एका हिशोबातून बघा. आकडे उदाहरणापुरते घेतलेत. चाकाचा घेर १२० इंच. चाकाच्या एका फेऱ्यात पात्यांचा दांडा पाच वेळा फिरतो. म्हणजे दांड्याच्या एका फेऱ्यात यंत्र २४ इंच पुढे जातं. दांड्यावर दोन पाती असतील तर दर १२ इंचांवर एक घाव पडणार. पात्याची रुंदी ८ इंच असेल तर ८ इंच साफ, ४ इंच शिल्लक. त्या ४ इंचांत जी रोपं असतील ती वाचली. अंतर कमी हवंय? तीन पाती लावा, घाव दर ८ इंचांवर. पण मग ८ इंची पाती चालणार नाहीत, सगळी ओळच साफ होईल. ५ इंची पाती लावा, ३ इंच शिल्लक राहतील. फाळांमधलं अंतर वेगळं बदलायचं, खोली वेगळी.

हे खरोखर हुशारीचं काम आहे आणि ते मान्य करायला हवं. दक्षिणेत ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं नव्हतं. नदीकाठच्या कसदार जमिनीत ओळी लांब, हलक्या जमिनीत जवळ. वरंब्यांची उंची वेगळी, जमीन वेगळी. एकच यंत्र या सगळीकडे चालायचं तर ते बदलता यायलाच हवं. शिवाय विरळणी वर्षातून काही आठवडेच असते. तेवढ्यासाठी कोण यंत्र घेणार? पाती काढून नुसता डवरा म्हणून वापरता आलं तर मात्र घेण्यासारखं होतं.

पण हिशोबात एक गोष्ट बघा. ओल्या मातीत चाक न फिरता घसरलं आणि दहा टक्के फेरे कमी झाले, तर १२ इंचांचं अंतर सव्वातेरा इंचांवर जातं. हे एक वेळ चालेल. न चालणारी गोष्ट वेगळीच आहे. शिल्लक राहणाऱ्या त्या ४ इंचांत नेमका खाडा असला तर? मागचे ८ इंच साफ झालेत, पुढचे ८ साफ होणार, मधले ४ मुळातच रिकामे. सलग २० इंच ओळ उजाड. आणि त्या साफ केलेल्या १६ इंचांत कदाचित उत्तम रोपं होती. यंत्राला ते कळायचं कारणच नाही. ते चाकाचे फेरे मोजतं, रोपं बघत नाही.

म्हणजे पात्यांची संख्या बदलता येते, रुंदी बदलता येते, खोली बदलता येते. 'कुठलं रोप ठेवायचं' याचं उत्तर मात्र बदलता येत नाही. ते आधीच ठरलेलं असतं: जे जागेवर असेल ते.

दस्तऐवजाचं व्याकरण

आता मजकुराकडे. तुम्ही कधी जमिनीचं खरेदीखत वाचलं असेल तर पेटंटची रचना लगेच कळेल. खरेदीखतात 'लिहून देणार' असतो, पेटंटात सुरुवातीला 'सर्वांस कळावे की मी, अमुक गावचा रहिवासी, अमुक देशाचा नागरिक' असं येतं. खरेदीखतात चतुःसीमा असतात: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला. पेटंटाच्या शेवटी 'क्लेम' असतात, त्याही चतुःसीमाच: या चौकटीला जोडलेला हा दांडा, त्यावरची ही पाती, यांचा हा विशिष्ट मेळ माझा. मधला सगळा भाग आकृतीतल्या अक्षरांचा: 'अ' चौकट, 'ब' धुरा, 'क' तरफ.

या भाषेत कर्ता कायम यंत्राचा भाग असतो. दांडा फिरतो, पाती छेद देतात, फाळ माती सारतात. माणूस येतो तो 'चालक' म्हणून, आणि तोही बहुधा हाताच्या रूपात: तरफ ओढण्यापुरता. घोडा जेवढा येतो तेवढाच माणूसही येतो.

आणि रोपं? ती वाक्यात येतात 'जास्तीची रोपं' म्हणून. या दोन शब्दांवर थांबा, कारण माझ्या मते सगळी मेख इथे आहे. जास्तीची म्हणजे कुठली? खुरपं धरणाऱ्या बाईला विचारलं तर ती सांगेल: किडकं, वाकडं, दुसऱ्याला खेटून उगवलेलं. तिच्यासाठी 'जास्तीचं' हा रोपाचा गुण आहे. पेटंटात 'जास्तीचं' हा जागेचा गुण आहे: पात्याच्या वाटेत आलं ते जास्तीचं. शब्द तोच, अर्थ मात्र पूर्ण उलटा. आणि ही अदलाबदल इतक्या सहज होते की वाचणाऱ्याला खटकतही नाही. आकृतीत तर प्रश्नच नाही, कारण आकृती काढलीच तर तिच्यातली रोपं सारखी, सरळ आणि समान अंतरावर असतात. कागदावर खाडा पडत नाही.

पेटंट खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. कायद्याने त्याच्याकडून मागितलेली गोष्ट ते सांगतं. पण आपण जेव्हा 'विरळणीचं यांत्रिकीकरण करायचे प्रयत्न' असं शीर्षक देऊन ही पेटंटं एका रांगेत मांडतो, तेव्हा आपण त्यांची व्याख्याही मान्य करतो: विरळणी म्हणजे ठराविक अंतरावर घाव घालणं. मग खुरपं धरणाऱ्या माणसाचं काम आपोआप 'अकुशल' ठरतं. कौशल्य कामातून गेलेलं नसतं. ते त्या वर्णनातून गेलेलं असतं.

दोन अभ्यासक, दोन उत्तरं

या विषयावर काम करायचं तर जेम्स स्ट्रीट यांचं १९५७चं पुस्तक आणि वॉरन व्हॉटली यांचा १९८५चा लेख टाळता येत नाहीत. स्ट्रीट कपाशीच्या अर्थव्यवस्थेतली 'नवी क्रांती' डोळ्यांसमोर घडत असताना लिहीत होते. व्हॉटली यांनी प्रश्न उलटा धरला: यांत्रिकीकरण इतकं उशिरा का?

व्हॉटली यांचा युक्तिवाद मला आजही पटतो. थोडक्यात असा: मळ्यांवर कुटुंबं वर्षाच्या कराराने, बटाईने असायची. मालकाची खरी चिंता होती वेचणीची. शरद ऋतूत कापूस फुटला की एकदम खूप हात लागतात. बटाईदार कुटुंब वर्षभर जमिनीशी बांधलेलं असेल तर ते वेचणीला हमखास हजर. मग मे महिन्यातलं काम यंत्राने उरकून कुटुंबं कमी केली, तर सप्टेंबरला वेचायला आणायचं कुणाला? म्हणून वेचणीचं यंत्र येईपर्यंत बाकी यंत्रांना उठाव नव्हता. यात 'मजूर स्वस्त होता' एवढंच म्हणणं नाही, तो बांधून ठेवण्याची व्यवस्था कशी चालत होती हेही आहे. सावकारी, दुकानाची उधारी, पिकावरचा बोजा. मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही.

पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेलं आहे: मजुरी वाढली असती किंवा करार बदलले असते, तर विरळणीचं यंत्र चाललं असतं. म्हणजे यंत्र काम करतंच, फक्त गिऱ्हाईक नाही. या गृहीतकाची परीक्षा घ्यायला इतिहासाने एक चांगली संधी दिली आहे. तिच्याकडे शेवटी येतो. त्याआधी एका माणसाला भेटायला हवं, ज्याच्या नावाचं पेटंट कधी निघालंच नाही.

नेड

मिसिसिपीत ऑस्कर स्टुअर्ट नावाचा वकील आणि मळामालक होता. १८५७ साली त्याने पेटंट कार्यालयाकडे अर्ज केला. यंत्र होतं कपाशीसाठीचं दुहेरी नांगर-खरवडणं: ओळीच्या दोन्ही बाजू एकाच फेरीत साफ करणारं, घोड्याने ओढायचं. म्हणजे वर ज्या कडा खरवडण्याचं सांगितलं, नेमकं ते काम. स्टुअर्टने प्रामाणिकपणे लिहिलं की हे आपण शोधलेलं नाही; आपला गुलाम नेड याने शोधलं. पण मालक या नात्याने पेटंट आपल्याला मिळावं. गुलामाच्या हातच्या कष्टाचं फळ मालकाचं, तसंच त्याच्या डोक्याच्या कष्टाचंही, असा त्याचा दावा.

कार्यालय अडचणीत आलं. कायद्याप्रमाणे खऱ्या शोधकाने शपथ घ्यायला हवी आणि आपण कुठल्या देशाचे नागरिक ते सांगायला हवं. त्याच वर्षी ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांचं नागरिकत्व नाकारलं होतं. म्हणजे नेड शपथ घेऊ शकत नाही, आणि स्टुअर्ट शोधक नाही. आयुक्तांनी अर्ज नाकारला. स्टुअर्टने गृहखात्याचे मंत्री जेकब थॉम्प्सन यांच्याकडे धाव घेतली, तेही मिसिसिपीचेच. शेवटी १० जून १८५८ रोजी ॲटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांनी मत दिलं: यंत्र नवं आणि उपयुक्त असलं, तरी ते गुलामाने शोधलेलं असेल तर त्याला पेटंट नाही.

स्टुअर्ट थांबला नाही. त्याने पेटंटाविनाच यंत्र बनवून विकायला काढलं आणि नेडच्या गुलामीचंच जाहिरातीत भांडवल केलं. एका मळामालकाचं शिफारसपत्र त्याने वापरलं. त्याचा सूर असा, की हे बघा गुलामाने शोध लावला, म्हणजे गुलामीने बुद्धी खुंटते हा विरोधकांचा आरोप खोटा. माणसाची बुद्धी मान्य करायची, ती मालकाच्या खात्यावर जमा करायची, आणि वर ती गुलामीच्या समर्थनाला वापरायची! पुढे १८६१ साली बंडखोर दक्षिणी राज्यांनी स्वतःचा पेटंट कायदा केला, तेव्हा त्यात हे कलमच घातलं: शोधक गुलाम असेल तर मालकाने शपथ घ्यावी आणि पेटंट मालकाला मिळावं. डोरोथी यान्सी यांनी १९८४ साली नेडच्या यंत्रावर सविस्तर लेख लिहिला आहे. आवर्जून वाचावा असा.

काहीजण इथे हेन्री ब्लेअरचं नाव घेतील. मेरीलँडच्या या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला १८३४ साली मका पेरण्याच्या आणि १८३६ साली कपाशी पेरण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. सही करता येत नसल्याने त्याने फुली मारली होती. पण ब्लेअर स्वतंत्र होता, म्हणून त्याच्या फुलीला किंमत होती.

याच काळात फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड दक्षिणेत फिरत होता. १८५६च्या पुस्तकात त्याने नोंदवलंय की गुलामांना अवजड, बोजड अवजारं दिली जातात आणि घोड्याऐवजी खेचर, कारण ते नाजूक वस्तू हाताळू शकत नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं. हे सांगणारे कोण, हे विचारायला हवं. एकीकडे 'यांच्या हाती चांगलं अवजार टिकत नाही' ही सर्वमान्य समजूत, दुसरीकडे नेड. आणि पेटंटांच्या कपाटात बघायला गेलात तर फक्त पहिलीच गोष्ट खरी वाटेल, कारण नेडच्या यंत्राची पेटंट-आकृती तिथे नाहीच.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. खुरपं धरणाऱ्या माणसाचं ज्ञान पेटंटाच्या मजकुरातून गाळलं गेलं, आणि अवजार घडवणाऱ्या गुलामाचं नाव पेटंटाच्या कपाटातूनच. पहिलं भाषेने केलं, दुसरं कायद्याने. म्हणून नुसती पेटंटं मोजून 'दक्षिणेत शोधक वृत्ती कमी होती' किंवा 'विरळणीवर इतके प्रयत्न झाले' असे आलेख काढणं मला धोक्याचं वाटतं. तो आलेख शोधांचा नसतो. शपथ घ्यायची परवानगी कुणाला होती, त्याचा असतो.

मग विरळणीचं शेवटी काय झालं?

वर म्हटलेली परीक्षा ती हीच. १९४४ साली मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंत कपाशीचं पीक यंत्रांनी काढून दाखवलं गेलं. वेचणीची अडचण सुटली. व्हॉटली यांच्या तर्काप्रमाणे आता कुटुंबं बांधून ठेवायची गरज संपली, आणि खरोखरच बटाईदार झपाट्याने हटवले गेले. पण खुरपणी उरली. त्याच माणसांना आता गावातून ट्रकमध्ये भरून रोजाने शेतात आणलं जाऊ लागलं.

१९६५ साली मिसिसिपीच्या डेल्टा भागात शॉ या गावी या मजुरांनी संघटना उभी केली, 'मिसिसिपी फ्रीडम लेबर युनियन'. तेव्हा दहा तासांच्या खुरपणीला सुमारे ३ डॉलर रोज मिळत होता, म्हणजे तासाला ३० सेंट. त्यांची मागणी तासाला सव्वा डॉलरची. संप झाला, अनेकांना मळ्यांवरच्या घरांतून बाहेर काढलं गेलं. फेब्रुवारी १९६७ पासून मोठ्या शेतांवरच्या मजुरांना तासाला १ डॉलरचं किमान वेतन कायद्याने लागू झालं.

म्हणजे वेचणीची अट पूर्ण झाली, मजुरीही वाढली. अर्थशास्त्रीय उत्तर पुरेसं असतं तर आता शंभर वर्षं वाट बघणाऱ्या विरळणी-यंत्राचा सुगीचा काळ यायला हवा होता. ही यंत्रं कुणीच वापरली नाहीत असं नाही. पण काम संपवलं ते वेगळ्याच गोष्टींनी. आम्लाने लव काढलेली सुटी सरकी आली, मोजकं बी ठराविक अंतरावर टाकणारी पेरणीयंत्रं आली, म्हणजे जास्तीचं रोप उगवायचंच थांबलं. आणि तणनाशकं आली, म्हणजे गवत ओळखणारा डोळा नको झाला.

नीट बघा: 'कुठलं रोप ठेवायचं' हा प्रश्न कुठल्याही घोडायंत्राने सोडवला नाही. तो प्रश्न विचारावाच लागू नये अशी सोय केली गेली, बियाण्याच्या पिशवीत आणि फवारणीच्या टाकीत. ती सोय लागली, याचाच अर्थ त्या प्रश्नात काहीतरी अवघड होतं. ज्याला शंभर वर्षं अकुशल म्हटलं, त्या कामाची नक्कल फिरत्या पात्यांना जमली नव्हती. स्वस्त मजुरीने हा मुद्दा झाकून ठेवला होता, इतकंच.

आपल्याकडे वळून

हे वाचताना तुमच्या मनात विदर्भ आला असेल तर साहजिक आहे. तिथे चित्र वेगळं आहे, आणि ते वेगळेपण लक्षात ठेवायला हवं. संकरित बीटी बियाणं महाग, एकेक दाणा मोजून टोबलेला. तिथे विरळणीची चैन कुठली? उलट नांग्या भरायच्या असतात, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी लावायचं. डवरा बैलांमागे चालतो आणि ओळीच्या मधलं तण काढतो. पण दोन रोपांच्या मधलं, बुडाशी चिकटलेलं तण काढायला बायका बसतात. निंदणीचा रोज किती द्यायचा, यावर गावोगाव बोलणी होतात. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बाजूने आणि विरोधात आपल्याकडे आज जो वाद चालतो, त्यात पर्यावरण असतं, कायदा असतो, शेतकऱ्याचा खर्च असतो. निंदणाऱ्या बाईचा उल्लेख मात्र 'मजुरीचा खर्च' या रकान्यात एका आकड्याने होतो. तो आकडा बरोबरच असेल. पण तिला काय दिसतं, तिने कुठलं रोप का वाचवलं, हे त्या रकान्यात मावत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादं शेतीयंत्राचं माहितीपत्रक, पेटंट किंवा प्रकल्प-अहवाल हातात आला तर तीन प्रश्न विचारून बघा. यातल्या वाक्यांचा कर्ता कोण आहे? 'जास्तीचं', 'अनावश्यक', 'वाया जाणारं' हे शब्द कुणाच्या नजरेतून ठरलेत? आणि या कागदावर सही करायची मुभा कुणाला नव्हती? उत्तरं मिळाली नाहीत तरी यंत्राकडे बघायची तुमची नजर थोडी बदललेली असेल. माझ्या प्रबंधाचं ते प्रकरण सध्या तरी या तीन प्रश्नांवरच उभं आहे.